नुसतं कंबरेचं नका सांगू

माझी कंबर दुखते हे डोंबिवली पूर्वेत बहुतेक सगळ्यांना ठाऊक होतं. माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, आणि दुकानदार बाईचं दुखणं म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. साडी न्यायला आलेली बाई आधी कंबरेची चौकशी करायची, मग साडीची. पण त्या कंबरेच्या आड दुसरं एक दुखणं वाढत होतं, ते मी कोणालाच कळू दिलं नव्हतं. कंबरदुखीनं माणूस मरत नाही. त्या दुसऱ्यानं मात्र मी गेले असते.

आता मी बरी आहे. कंबर अजून दुखते, तरी बरी आहे म्हणते, आणि ते खोटं नाही. हे लिहितेय ते ज्यांचं काही ना काही सतत दुखतं आणि जे त्या दुखण्याच्या पांघरुणाखाली तोंड लपवून पडले आहेत, त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं सांगणार नाही. माझ्या बाबतीत जे झालं तेवढं सांगते.

चकती

सुरुवात अगदी फालतू होती. लग्नसराईचे दिवस, दुकानात साड्यांचा ढीग. खालच्या फळीवरचं गाठोडं उचलायला वाकले आणि कंबरेतून एक कळ निघाली ती थेट डाव्या घोट्यापर्यंत गेली. लचक भरली असेल म्हणून बाम चोळला आणि पुन्हा मशीनवर बसले. लचक काही जाईना. महिने गेले. बसलं की पायात आग, उठलं की कंबरेत कळ. शेवटी एमआरआय काढला आणि रिपोर्ट घेऊन ठाण्याला नौपाड्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

गेलो म्हणजे मी आणि आमचे हे, श्रीधर. माणूस लाखात एक, पण दवाखान्यात शिरला की माझा वकील होतो. डॉक्टरांनी मला विचारायचं, "काय होतंय?" आणि ह्यांनी उत्तर द्यायचं, "हिला ना डॉक्टर, सकाळी जास्त असतं." मी शेजारी बसून मान हलवायची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, एवढी सवय झालेली होती.

डॉक्टर म्हणाले, चकती सरकली आहे, नस दाबली जाते आहे. ऑपरेशनची गरज नाही. पण हे कमी-जास्त होत चालूच राहणार, सांभाळून राहायचं.

बाहेर आल्यावर ह्यांचा चेहरा फुललेला. "सुटलो! ऑपरेशन टळलं ना! चल, जिलबी घेऊ." कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम जिलबी घेतली, रिक्षात बसून मला भरवली सुद्धा. मी मात्र 'चालूच राहणार' या दोन शब्दांवर अडकून पडले होते. ऑपरेशन म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. ऑपरेशनला शेवट तरी असतो.

सल्ले

कंबर दुखते म्हटलं की आपल्याकडे जो तो अर्धा डॉक्टर होतो. वरच्या मजल्यावरून शेकायला वाळूची पिशवी आली. मैत्रिणीनं पट्टा दिला, तो बांधला की श्वास घ्यायला जागा उरत नसे. एक गिऱ्हाईक म्हणालं, "माझ्या नणंदेच्या पाठीवर एकानं नुसता पाय ठेवला हो, दुसऱ्या दिवशी पळायला लागली!" मी विचारलं, "कुठे पळाली?" तिला राग आला. साडी घेऊन गेली ती परत फिरकली नाही.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या. त्या निर्गुडीचा पाला आणवून शेक द्यायच्या. सगळ्या घरात तो उग्र वास. ऐंशीच्या बाईनं पन्नाशीच्या सुनेची कंबर शेकायची, मला लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं. कंबरेला फरक शून्य.

मग घरच्यांनी मायेनं माझं एकेक काम काढून घेतलं. पोळ्यांना बाई आली. डबे माझी लेक ईशा करू लागली. दुकानाला कुलूप लागलं. "मम्मी, तू काहीच करू नकोस, तू फक्त पडून राहा." कोणाचंही काही चुकत नव्हतं. पण दिवसभर छताकडे बघत पडलेल्या बाईला हळूहळू वाटू लागतं, की आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही.

कंबरेचा आडोसा

ते कधी आलं ते नेमकं सांगता येणार नाही. दुकान चालू होतं तेव्हाच चुणूक दिसलेली. साडीला अचूक रंगाचा फॉल आणि दोरा शोधणं हा माझा अभिमान. मेंदी आणि बॉटल ग्रीन यांत गफलत झाली तर मला झोप यायची नाही. आणि एक दिवस गिऱ्हाइकाला मी म्हणाले, "कुठलाही लावते, काय फरक पडतो?" माझं मलाच आश्चर्य वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

पुढे अंघोळीचा कंटाळा येऊ लागला. ईशा कॉलेजातल्या गमती सांगायची आणि मला तिचे फक्त ओठ हललेले दिसायचे. रडू येत नव्हतं. लोकांना वाटतं नैराश्य म्हणजे रडणं. मला रडू आलं असतं तर मी आनंदानं रडले असते.

कंबर दुखते म्हणून उठायचं नाही. उठत नाही म्हणून अंग आखडायचं. आखडलं की जास्त दुखायचं, आणि जास्त दुखलं की मन म्हणायचं, बघ, तुझं काही खरं नाही. मग पुन्हा उठायचं नाही. कंबर आणि मन दोघी जावा जावा असल्यासारख्या एकमेकींना फितूर झाल्या होत्या.

आणि यात माझी एक सोय होती. 'कंबर दुखतेय' म्हटलं की बोलणं संपायचं. लग्नाला येत नाहीस? कंबर. जेवत नाहीस? कंबर. कंबरेशी कोणी वाद घालत नाही, तिचा एमआरआय असतो. 'मला काही नकोसं झालंय' म्हणून बघा. लगेच, "उगाच विचार करतेस, चार लोकांत मिसळ."

सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, अरेरे, आजही उठले. झोपेतच सगळं संपलं असतं तर घरच्यांचीही सुटका झाली असती, असं मला अगदी शांतपणे वाटायचं. आज मागे वळून बघते तेव्हा मला त्या शांतपणाची सगळ्यात जास्त भीती वाटते.

गोळी

कोणीतरी सुचवलं म्हणून नौपाड्यातच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या फक्त जुनाट दुखण्यांवर उपचार करतात. तरुण, गोड बोलणारी बाई. त्यांनी विचारलं, "झोप, भूक, मूड कसा आहे?" वकीलसाहेब म्हणाले, "झोप उत्तम, दिवसासुद्धा झोपते. मूड तसा शांत असतो." मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि एक गोळी लिहून दिली. नसांवर काम करते, गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडायची नाही, असं सांगितलं.

पहिलं पाकीट संपलं. अगदी थोडं, पण बरं वाटत होतं. दुसरं आणायला मी स्वतः चालत कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. चालत गेले, हेच किती मोठं होतं! पण ते तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. दुकानदार आमच्या चांगल्या ओळखीचा. त्यानं कागद वाचला आणि काळजीनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वहिनी, ही डिप्रेशनची गोळी कोणाला चालू केली?"

मागे माझंच एक गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हणाले, "शेजारणीची आहे." आणि गोळ्या न घेताच घरी आले.

डोकं फिरलं होतं. म्हणजे डॉक्टरीणबाईंना वाटतं मी नाटक करतेय? एवढा एमआरआय काढला, चकती सरकलेली दिसते, आणि ही बाई म्हणते दुखणं मनाचं? आता गंमत बघा. जे दुखणं मी सगळ्यांपासून लपवत होते, त्याचंच औषध योगायोगानं माझ्या हातात आलेलं. आणि कंबरेची अब्रू राखायला मी ते औषध सोडून दिलं. घरी "घेतली का गोळी?" विचारलं की "घेतली" म्हणायचे.

पुढचे काही दिवस चक्कर, डोक्यात झटके, जीव कासावीस. अशी गोळी एकदम तोडायची नसते हे मला नंतर कळलं. मग कंबर दुप्पट दुखू लागली आणि सकाळचा तो विचार सकाळपुरता राहिला नाही, दिवसभर सोबत राहू लागला.

ठाकुर्ली

त्याच सुमारास माझ्या पुतण्यानं ठाकुर्लीला फ्लॅट घेतला. वास्तुशांत होती. ह्यांचे थोरले भाऊ, आम्ही भाऊजी म्हणतो, त्यांचा हा मुलगा. भाऊजी कारखान्यातून रिटायर झालेले, भरदार आवाजाचे, कडक. जाऊबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. "आईची शेवटची इच्छा होती नवीन घराची, काकी, यायलाच हवं," असं पुतण्या म्हणाला, म्हणून रिक्षात आडवी-तिडवी बसून गेले.

माझं माहेर साताऱ्याकडचं. सासर मालवणी. लग्न होऊन आले तेव्हा यांच्या घरातला एक प्रकार बघून मला हसू आवरेना, तो म्हणजे गाऱ्हाणं. पूजा झाली की घरातला मोठा माणूस नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहतो आणि घरच्या प्रत्येकाची अडचण मोठ्यानं देवाला सांगतो. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आपलं दुखणं आपण बोलायचं नसतं. ते आपल्या वतीनं दुसरा बोलतो, आणि सगळं घर त्याला हो म्हणतं.

त्या दिवशीही भाऊजी उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरान नवीन घर घेतल्यान हा, ता तेका सुखाचा होऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धाकट्या पुतणीच्या नोकरीचं सांगून झालं. कोणाच्या लग्नाचं झालं. मग माझा नंबर आला.

"माझ्या धाकट्या भावाची बायल, सुलभा, तिची कंबर लय दिवस दुखता हा. ती पीडा दूर कर आणि तिका पयल्यासारखी हिंडती-फिरती कर रे म्हाराजा!"

सगळे "व्हय" म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात मी म्हणाले, "भाऊजी, थांबा. नुसतं कंबरेचं नका सांगू."

मी हे ठरवलं नव्हतं. मी खुर्चीत बसले होते, कंबरेत आग होती, आणि मनात आलं, पुन्हा एकदा माझ्या वतीनं अर्धंच सांगितलं जातंय. देवाला सुद्धा अर्धंच.

"मग काय सांगू?" भाऊजी गोंधळले.

"सांगा की तिला जगावंसं वाटत नाही. सकाळी जाग आली की वाईट वाटतं. सहा-सात महिने झाले. गोळ्या पण तिनं सोडल्यात. ते सांगा."

कोणीतरी बाई पुटपुटली, "अगं, शुभ दिवशी असं काय!" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ईशाचा हात तोंडावर गेला. भाऊजींनी मागे न बघता हात वर करून त्या बाईला गप्प केलं. नारळ दोन्ही हातांत घट्ट धरला. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"बा म्हाराजा... आमची सुलभा. तिका जगाचा वाटना नाय. हेच्यात तिचो काय दोष नाय. आमका कळूक नाय, तो दोष आमचो. तिका वाट दाखव. आणि आमका तिच्या वांगडा चलाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

वांगडा म्हणजे सोबत. अशा गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणायचं कसं, हे कोणालाच माहीत नव्हतं. मग खाली पाटावर बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"व्हय म्हाराजा."

मागोमाग ईशा. मग पुतण्या, मग सगळं घर. ह्यांचे फक्त ओठ हलत होते.

मला रडू आलं. किती महिन्यांनी! मी हमसून हमसून रडले आणि मनातल्या मनात म्हणत होते, चला, हे तरी जमलं. नंतर काय बोलावं हे कोणालाच सुचेना, म्हणून जो तो मला प्रसादाचा शिरा वाढत राहिला. इतका शिरा मी जन्मात खाल्ला नव्हता.

त्यानंतर

सगळं लगेच गोड झालं नाही. हे चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी फुटले. "देवाला सांगितलंस, सगळ्या गोतावळ्यासमोर सांगितलंस, मला नाही सांगितलंस?"

मी म्हणाले, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बाम आणला असता."

आधी ते हसले. मग भिंतीकडे तोंड करून रडले. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

नौपाड्याच्या डॉक्टर रागावतील अशी भीती होती. त्या म्हणाल्या, "चूक माझी. गोळी कशासाठी आहे हे मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं." मग त्यांनी समजावलं. दुखणं आणि मन यांचे डोक्यातले रस्ते बरेचसे एकच आहेत, एका ठिकाणी कोंडी झाली की दुसरीकडेही होते. ही गोळी दोन्हीकडे काम करते. "मनाची गोळी दिली म्हणजे कंबर खोटी, असं नाही हो सुलभाताई. तुमची कंबरही खरी आहे आणि हेही खरं आहे." हेही खरं आहे! एवढंच ऐकायला माझे कान आसुसले होते.

त्यांनी डोंबिवलीतल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला बसवत नसेल ना? उभ्यानंच बोलू या?" मग आम्ही दोघं खिडकीशी उभं राहून बोललो. मनाच्या डॉक्टरांनी आधी कंबरेची काळजी केली, या एका गोष्टीनं माझा अर्धा संकोच गेला. हे बाहेर बाकावर बसून राहिले. आत मीच बोलले.

कल्याणला फिजिओथेरपी सुरू झाली. रांगेत आम्ही नेहमीच्याच बायका, कोणाची मान, कोणाचा खांदा. तिथली मुलगी एकच धडा घोकून घ्यायची: बरं वाटतंय म्हणून दिवसभर राबायचं नाही, आणि दुखतंय म्हणून दिवसभर झोपायचं नाही. दुखायच्या आधी उठायचं, दमायच्या आधी बसायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या बायकांना हे जमणं म्हणजे महाकठीण. आपण एकतर सगळं घर धुऊन काढतो, नाहीतर अंथरूण धरतो.

दुकानाचं कुलूप मीच काढलं. आता फक्त सकाळी उघडते. मध्ये उठून फेऱ्या मारते. गिऱ्हाईक हसतं, हसू दे. मेडिकलवाल्याकडूनच गोळ्या घेते, आणि त्यानं आवाज खाली केला की मी माझा वाढवते. कळ अजून येते. पण आता ती नुसती कळ असते, तिच्या पाठीमागे जगाचा अंत येत नाही. मध्यंतरी एक वाईट पंधरवडा आला होता. त्या वेळी मी ईशाला सरळ सांगितलं, "आज सकाळी पुन्हा तसं वाटलं." ती कॉलेजला गेली नाही, माझ्याजवळ बसून राहिली, आणि आम्ही डॉक्टरांना फोन केला. तुम्हालाही तसं वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. समोरच्याला काय उत्तर द्यायचं ते कळलं नाही तरी चालेल. आमच्याकडेही कोणाला कळलं नव्हतं.

गेल्या महिन्यात सकाळी दुकानात एकटीच होते, तेव्हा भाऊजी आले. ठाकुर्लीहून मुद्दाम. जिना नसतानाही एकेक पाऊल जपून टाकत होते. हातात पिशवी. पिशवीतून साडी काढली, कोरी, घडी न मोडलेली, आमसुली रंगाची.

"तुझ्या जावेन घेतलली. फॉल लावूचो ऱ्हवलो."

मी साडी हातात घेतली. "लावते ना. सूनबाई नेसणार आहे का?"

"नाय. कोण नाय नेसाचा."

मग ते स्टुलावर टेकले आणि गुडघे चोळू लागले. गुडघे लय दुखतत, म्हणाले. ती गेल्यापासून जास्तच. मुलानं तेल आणलं, सुनेनं पट्टे आणले, सगळे गुडघ्यांचंच विचारतात.

मी मशीनचं बटण बंद केलं. माझं स्टूल त्यांच्या समोर ओढलं.

"भाऊजी, गुडघ्यांचं कळलं," मी म्हणाले. "आता बाकीचं सांगा."